दोन जैन, केळ्याची टिक्की!

बारावीनंतर मी नंदुरबारला स्टेशनजवळच्या एका फास्ट फूडच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागले. कळण्याच्या भाकरीपासून शेवभाजीपर्यंत सगळं मला येत होतं. मोठ्यानं बोलणं तेवढं येत नव्हतं.

आमच्या रनाळे गावातल्या घरी बाईमाणसाचा आवाज ओट्यापर्यंत जात नसे. माझे वडील, म्हणजे आबा, ओट्यावर बसलेले असले की आई त्यांना जेवायलासुद्धा हाक मारायची नाही. आतून ताटावर पळी वाजवायची. आबा खाकरायचे आणि उठायचे. मीही तीच रीत शिकून आले होते, आणि बर्गरच्या दुकानात पळी वाजवून भागत नाही!

दुकान एका मारवाडी बाईंचं. सगळं गाव त्यांना भाभी म्हणायचं. तव्यावर सातपुड्यातल्या मोलगीकडचा एक दादा होता. भाभी घरी मारवाडी बोलायच्या, दादा पावरी, मी अहिराणी. त्यामुळे ऑर्डरचे शब्द ठरलेले होते. काउंटरवरून मी ओरडायचं आणि दादानं तेच आतून परत ओरडायचं. त्याचा आवाज आला की ऑर्डर पोहोचली.

पहिल्याच आठवड्यात एक जैन आजी आल्या. त्यांच्या बर्गरमध्ये कांदा, लसूण, बटाटा काही चालत नसे, म्हणून भाभी कच्च्या केळ्याची टिक्की वेगळी करून ठेवत. मी "जैन" म्हणाले, पण ते माझं मलाच ऐकू गेलं. दादानं आपला नेहमीचा बटाट्याचा बर्गर पाठवला. आजींनी नुसता वास घेतला, ताटली हळूच बाजूला सरकवली आणि पाणी पिऊन निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाभी रागावल्या नाहीत. "बेटा, आवाज काय रनाळ्याला ठेवून आली का?" एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी मला काउंटरवर उभं करून ओरडायला लावू लागल्या. दादा आत हसून हसून बेजार व्हायचा. मिरची बाजाराकडून वारा सुटला की ठसका लागायचा, तरी सुट्टी नव्हती. त्या सकाळी आठवल्या की अजून घशात गोड खवखवतं.

आवाज सुटला आणि तो गावापर्यंत गेला. "तुमची पोर भर रस्त्यावर हाका मारते," असं कुणीतरी आबांना सांगितलं. दिवाळीच्या आधी, गर्दीच्या वेळी, आबा टोपी सारखी करत दुकानात आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"घर चाल, व माय. लोके काय काय बोली ऱ्हायनात," ते हळूच म्हणाले.

मला तिथंच राहायचं होतं. इतकं मनापासून मला आधी काहीच हवंसं वाटलं नव्हतं, पण आबांना नाही म्हणायची हिंमतही नव्हती. तेवढ्यात दारातून त्याच आजी आल्या, नातीचा हात धरून. "दोन," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. ओरडले तर आबांसमोर, आणि नाही ओरडले तर आजी पुन्हा उपाशी जाणार. मी डोळे मिटले.

"दोन जैन! केळ्याची टिक्की!"

"हा! दोन जैन!" आतून दादा गरजला.

सगळं दुकान नेहमीसारखं खात होतं. फक्त आबा माझ्याकडे बघत होते. आजींनी या वेळी शेवटचा घास संपेपर्यंत मान वर केली नाही. मग आबा उठले. आता पिशवी भर म्हणतील, असं मला वाटलं. ते काउंटरपाशी आले.

"मले बी एक सांग. जोरमा सांग, नही ते मले बी केयान्हं देतीन."

आबांना केळ्याचं नको होतं. मी रडत रडत ओरडले. आबांनी वरून मिरची मागून तो बर्गर भाकरीसारखा मोडून खाल्ला आणि एकटेच बसने घरी गेले.

भाभींनी पुढे दुकान विकलं. दादा त्याच्या गावी गेला. मी आता दुसऱ्या शहरात एका मोठ्या किचनमध्ये आहे, तिथं ऑर्डर पडद्यावर येतात, कुणी ओरडत नाही. मला ते फार सुनं वाटतं.

आबांना हल्ली ऐकू कमी येतं. सुट्टीत मी घरी गेले की आई सवयीनं पळी वाजवते आणि आबा ओट्यावर तसेच बसून राहतात. मग ती माझ्याकडे बघते. मी दारात जाऊन काउंटरवरच्या आवाजात हाक मारते, "आबा, जेवाले चला!" आख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

आणि ओट्यावरून आबा गरजतात, "हा! दोन जैन!"