ओळ दोनशे चौदा

लिंबू मी फक्त पोह्यांवर पिळते, उंबऱ्यावर नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय...

नागापूरला माझं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. जामखेडच्या एका दवाखान्याचा जुना PHP प्रोग्राम मी सुधारत होते. प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका छोट्या तुकड्याच्या, डोक्यावर तो काय उत्तर देतो याची टीप लिहायची. मग एक टूल, प्रोग्राम न चालवताच, टिपा आणि कोड ताडून चुका दाखवतं. पण टीपच चुकली तर टूल तिच्यावरच विश्वास ठेवतं — हे लक्षात ठेवा.

'औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?' या फंक्शनवर मी लिहिलं होतं : उत्तर हो किंवा नाही. टूल खूश, मीही खूश.

त्या सकाळी अकराला दवाखान्यातच बसून टूल चालवलं. एक लाल ओळ आली. ओळ २१४ : इथे उत्तर रिकामंही असू शकतं, तुम्ही ते 'नाही' धरलंय. रिकामं म्हणजे पेशंटला कुणी विचारलेलंच नाही.

शेजारी शोभासिस्टर इंजेक्शन भरत होत्या. समोर कोयत्यानं हात कापलेली ऊसतोडीवाली बाई. मी विचारलं, हिच्या नावापुढे अ‍ॅलर्जी 'नाही' दिसतंय, ते कुणी विचारून लिहिलंय का? सिस्टरनी लाल ओळ वाचली, वैतागल्या. "मॅडम, तुमचंच कॉम्प्युटर नाही म्हणतंय की." तरी बाईंना विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई," बाई म्हणाल्या. "मागं फडावर असताना ही सुई घेतली, तर त्वांड असं सुजलं, नवऱ्यानं वळखलं न्हाई. दोन दिस लई गुमान हुता बिचारा."

आम्ही तिघी हसलो. मग सिस्टरनी भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं. डॉक्टरांनी औषध बदललं.

मी दुरुस्तीला बसले, तर टीप तीच — हो किंवा नाही. टूल पुन्हा चालवलं : शून्य चुका. टूलनं साठवलेली जुनी उत्तरं पुसून चालवलं : शून्य. बदलांच्या नोंदीत माझ्याशिवाय कुणी नाही. सिस्टरनी कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला. खोबरं मी खाल्लं, चांगलं होतं.

शेवटी एक वाजता टीप हातानं बदलली : हो, नाही, किंवा रिकामं. तेव्हा कुठे लाल ओळ आली. २१४. शब्दन् शब्द तोच.

म्हणजे टीप आधी बदलायला हवी, चूक नंतर दिसायला हवी. मला चूक दोन तास आधी दिसली. कशी, ते मला आजही सांगता येत नाही.