बोक्याच्या उडीची उंची

सुतार पहाटे पाचला उठायचा, कारण त्याच्या न्हाणीला दार नव्हतं. घर जागं व्हायच्या आत अंघोळ उरकलेली बरी. दाराच्या जागी पडदा होता, आणि वारा सुटला की पडदा कुणाचीच भीड ठेवत नसे. रविवारी सासूबाई मुक्कामाला येणार होत्या. त्याआधी दार लागलं नाही तर मीच आईकडे राहायला जाते, असं बायकोने सुनावलं होतं.

दाराला लाकूड हवं, लाकडाला पैसे हवेत. म्हणून त्याने एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं काम धरलं. दुधाच्या पातेल्यासाठी स्वयंपाकघरात फळी मारायची होती, बोका पोचणार नाही अशी.

लोक या सुताराला आयतोबा म्हणत. आळशी नव्हता. रंध्याला बसला की जेवणाची शुद्ध नसे. कंटाळा फक्त मोजायचा. एकाने मोजलेलं दुसऱ्याने पुन्हा मोजणं म्हणजे पहिल्याच्या घामाचा अपमान, असं तो म्हणे.

बाईंच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक. सगळ्यात वरच्या रेघेवर ठळक फुली. आधीच्या कुणा सुताराने जागा आखून ठेवलेली दिसते, असं म्हणून आयतोबाने फुलीवरच फळी ठोकली. बाई बाजारात होत्या. काम चोख झालं. फळी तसूभर हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. फळीवर बोका बसला होता. मिशांना साय, चेहऱ्यावर समाधान.

"बाई, खूण तुमच्याच भिंतीवरची आहे," आयतोबा म्हणाला.

"ती बोक्याच्या उडीची खूण आहे. जिथवर त्याचा पंजा पोचायचा, तिथे आमचे हे रेघ ओढायचे. फुली म्हणजे विक्रम."

आयतोबाने फळीकडे पाहिलं. "म्हणजे माप बरोबर आहे."

"बरोबरच आहे. बोक्याचीही तक्रार नाही."

दूध टिकेल तेव्हा मजुरी, असं बाईंनी बजावलं. वार शुक्रवार.

ठोकताना जेवढा घाम गेला, त्याच्या दुप्पट फळी काढताना गेला. मग आयतोबाने बोक्याची उडी स्वतः मोजायचं ठरवलं. मासळीचा तुकडा उंच धरून उभा राहिला. हात भरून आला. बोक्याने जांभई दिली. असल्या कामाला तो आता उठत नसे.

तेव्हा जुन्या रेघांकडेच वळावं लागलं. पण या खेपेला त्याने आधी विचारलं. रेघा खऱ्या का? खऱ्याच, हे फुगवून सांगणारे नव्हेत. कधी? बोका सडपातळ होता तेव्हा. उडी कुठून? जमिनीवरून, तेव्हा हा ओटा बांधलेला नव्हता.

आयतोबाने फुलीच्या वर ओट्याची उंची धरली. फळी थेट छताला टेकायला आली.

बाईंनी मान वर करून पाहिलं. "बोका नाही पोचणार. मी कशी पोचू?"

आयतोबा शिडीवरून उतरला. फळी बाईंच्या हाताशी आणली, भोवती खोका केला, पुढे दार लावलं. "बोक्याला उडी येते, बाई. कडी येत नाही."

शनिवारी दूध जागेवर होतं. मजुरी मिळाली.

लाकूड आणायला जाताना त्याने सवयीने न्हाणीचा पडदा काढून काखेत मारला. माप आयतंच होतं. उंबऱ्यात पाय अडला. त्याने बायकोला विचारलं, हा पडदा मुळात कशासाठी शिवला होता?

"आधीच्या घरातल्या खिडकीला. त्यातून धुऊन आटलाय. अहो, तुमच्या पिंढऱ्या रोज उगीच दिसतात का?"

त्याने पडदा ठेवला आणि मुकाट्याने टेप काढला. रुंदी वरून घेतली, खालूनही घेतली.

रविवारी सासूबाई आल्या त्या थेट न्हाणीत शिरल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत. सोमवारी सुतार सातला उठला. मजुरीचं काय झालं म्हणाल, तर लाकूड, तीन बिजागऱ्या आणि आतून लागणारी एक कडी.