काट्यावरून उतरलो नाही

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. जालन्यात, अंबड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मी अनवाणी एका काट्यावर उभा होतो.

काटा आडतीतला होता. पोती तोलण्याचा. त्याची लाल आकड्यांची पाटी सभेकडे तोंड करून ठेवलेली होती. उभा राहणाऱ्याला स्वतःचे वजन दिसत नाही. बसलेल्यांना दिसते.

मला बोलावताना सभा चालवणाऱ्या आबासाहेबांनी माईकवरून पुकारा केला होता, "शिरस्तेदार हाजिर हो!" तीस-पस्तीस माणसे हसली. मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. हसण्याजोगे त्यात काही नाही.

आकडा स्थिर झाला. आबासाहेबांनी तो वाचला. मग मागच्या वर्षीचा वाचला. मधली वजाबाकी त्यांनी सभेकडून करवून घेतली, शाळेत करवतात तशी.

"नऊ!" मागून कोणीतरी ओरडले.

"नऊ किलो वाढले. शिरस्तेदार, आपरेशन पोटाचं झाल्तं. जिभेचं राह्यलं वाटतं."

पुन्हा हशा. मग त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही वर सरकवली. दंडाखाली लोंबणारे कातडे चिमटीत धरले, ताणले, आणि सभेला दाखवले.

"हे बघा. पोतं रिकामं झालं की पुन्हा भरायचा मोह होतो. बराबर का न्हाई?"

माझे वय एकाहत्तर आहे.

वजन का वाढले, ते मला ठाऊक आहे. ते सभेचे काम नाही.

ही सभा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी भरते. जिल्ह्यात आमच्यासारखे विखुरलेले आहेत. शस्त्रक्रिया कोणाची पुण्यात झाली, कोणाची हैदराबादेस. डॉक्टर तिकडे राहतात, पोट इकडे येते. म्हणून एकमेकांना विचारावे, सांगावे, धीर द्यावा, यासाठी आम्ही चौघांनी सहा वर्षांपूर्वी एका चहाच्या टपरीवर हे सुरू केले. पुढे आबासाहेब आले. त्यांचीही शस्त्रक्रिया झाली होती, मुंबईत. कार्यालय त्यांचे, माईक त्यांचा, काटा त्यांचा, शेवटचे जेवणही त्यांचेच. हळूहळू सभाही त्यांची झाली.

वजन घटलेल्याला शाल मिळते. वाढलेल्याला शब्द. शेवटी आबासाहेब दर वेळी एकच वाक्य म्हणतात, "मी करू शकतो, तर तुम्ही का न्हाई?" त्यांच्या घरी त्यांच्यापुरता वेगळा स्वयंपाकी आहे. आहारतज्ज्ञ रोज फोन करते. हे ते सांगत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली दोन वर्षे टाळ्यांची असतात. कपडे सैल होतात, लोक ओळखत नाहीत, आपल्याला बरे वाटते. पुढची वर्षे कोणी सांगत नाही. जेवण वाटीभर. जेवताना पाणी नाही. गोळ्या मरेपर्यंत. लग्नाला जावे तर वाढपी पानात ढीग घालतो, आणि टाकून उठावे तर यजमानाचा चेहरा पडतो. न जावे तर लोक विचारतात, "कॅन्सर तर न्हाई ना निघाला?" थंडी हाडात शिरते. कातडे लोंबते. आणि एक दिवस वजन पुन्हा चढू लागते. त्या दिवसापासून माणूस सभेला येणे टाळतो.

त्या रविवारी मीही टाळणार होतो. आलो ते शोभामुळे.

शोभा मंठ्याची. वय पस्तीसच्या आसपास. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता. "मामा, तुम्ही येणार असाल तरच येते." सकाळी कार्यालयाच्या पायरीवर ती भेटली. ओठ पांढरे पडलेले. पायरी चढताना तिने भिंत धरली.

"काय होते?"

"दसऱ्यापासून भाकर खाली ऱ्हात न्हाई, मामा. खाल्ली की उलटी. आता पाय बी मुंग्या आल्यावानी होऊन राह्यलेत. चप्पल पायात हाये का न्हाई, कळत न्हाई."

"मग काय खातेस?"

"चहा-बिस्कुट. तेवढं उतरतं."

"घरी सांगितलेस?"

"सासू म्हणते, पोट कापून घेतलंस, आता भोग. इथं तर सांगायची सोयच न्हाई. इथं समदे छान असतात."

मी म्हणालो, आज सांग. ती म्हणाली, बघते.

आणि आता ती माझ्या मागे रांगेत उभी होती. चप्पल काढून. माझ्यानंतर तिचाच क्रमांक होता. माझे कातडे ताणलेले तिने पाहिले. खाली मान घालून ती पुन्हा चप्पल शोधू लागली.

आबासाहेबांचा तो हात मला ओळखीचा होता. मी धनगराचा मुलगा. टेंभुर्णीच्या बाजूला आमचे गाव. बाप आठवडी बाजारात मेंढ्या विकायला नेई. व्यापारी येई, मेंढीच्या कमरेजवळ कण्यावर अंगठा दाबून मांस जोखी, कातडे चिमटीत ओढून बघी. बोलणे मात्र शेजारच्याशी चाललेले असे. मेंढीकडे तो पाहतही नसे. मी लहानपणापासून अंगाने भरलेला होतो. एकदा एका व्यापाऱ्याने तोच हात माझ्या दंडावर ठेवला. दाबला. "ए धनगरा, याचं किती घेशील?" भोवतालचे हसले. बापही हसला. त्याला मेंढ्या विकायच्या होत्या.

मी हसलो नव्हतो. पण हललोही नव्हतो. मेंढीसारखा उभा राहिलो होतो.

"उतरा शिरस्तेदार," आबासाहेब म्हणाले. "पुढचीला येऊ द्या. जल्दी."

मी उतरलो नाही.

"ऐकू येत न्हाई का?"

"येते. उतरणार नाही."

"काट्याला चिकटले का काय हे!" सभा हसली. तेही हसले.

मी त्यांच्याकडे वळलो. "आबासाहेब, तुम्ही माझ्या अंगाला हात लावलात. माझ्या न्यायालयात आरोपीलासुद्धा कोणी असे चाचपत नसे. पुन्हा लावायचा नाही."

हसू थांबले.

"चेष्टा केली हो. आपल्या माणसाचीच करतो. तुमच्या भल्यासाठी."

"माझे भले झालेले नाही. मी इथे उभा आहे तोवर या काट्यावर दुसरे कोणी चढणार नाही."

माझ्या पाठीमागे आकडा जळत होता. तो सर्वांनी वाचावा. माझी हरकत नव्हती.

"शोभा," मी म्हणालो, "पायरीवर जे सांगितलेस ते इथे सांग. आहेस तिथूनच सांग."

ती बोलेना. सभेत खुर्च्यांची कुरकुर झाली. मी थांबलो. न्यायालयात साक्षीदार गप्प राहिला तर थांबावे लागते, घाई करून भागत नाही. शेवटी ती बोलली. चपलांकडे बघत, पण सगळे बोलली. उलट्या, मुंग्या, भिंत धरून चालणे.

आबासाहेबांनी तिला खालवर न्याहाळले. "बाई, अंग तर तुझं भरल्यावानी दिसून राह्यलंय. उलट्या होतात, तर वजन कसं काय वाढतं?"

एकच माणूस हसला. शोभाने मान वर केली.

"बिस्कुटानं वाढतं, आबासाहेब. भाकर ऱ्हात न्हाई, बिस्कुट ऱ्हातं. मी त्याच्यावर जगून राह्यले. हौस न्हाई मला."

कोणी टाळी वाजवली नाही. मग वडीगोद्रीचा गणपत उठला. हा टेम्पो चालवतो. मागच्या वर्षी शाल त्याला मिळाली होती.

"मी वर्ष झालं, व्हिटामिनचं इंजेक्शनच घेतलं न्हाई. वजन बराबर होतं, शाल मिळाली, मंग म्हणलं आपण बिलकुल बरे झालो. मला बी कोणी विचारलं न्हाई."

एक शिक्षिका बसूनच बोलल्या. केस मूठ-मूठ जातात. डोक्यावरचा पदर त्यांनी सरळ केला, काढला नाही. आणखी एकाने सांगितले, पोटाच्या घडीखाली कातडे चिघळते, सदरा चिकटतो. वर्षानुवर्षे शेजारी बसणारी माणसे. हे एकमेकांना आज कळत होते.

"हे बघा," आबासाहेबांचा आवाज चढला, "हा दवाखाना न्हाई. हे प्रोत्साहनाचं व्यासपीठ आहे. रडगाणं घरी."

"मग आम्हाला दवाखान्यात जाऊ द्या," मी म्हणालो.

त्यांनी माईक खाली ठेवला आणि नोकराला खूण केली. नोकराने काट्याची वायर ओढली. आकडा विझला.

तेव्हा मी उतरलो.

तीस-पस्तीसांतून आम्ही चौघे बाहेर पडलो. शोभा, गणपत, शिक्षिका आणि मी. बाकीचे थांबले. जेवण लागायचे होते, फोटो व्हायचे होते. मी त्यांना दोष देत नाही. पण विसरणारही नाही.

गणपतने टेम्पोचे दार उघडले. "बसा. गाडीचं नाव छोटा हत्ती. आपण माजी हत्ती. बराबर मावतो." मी हसलो नाही. शोभा हसली. दोघी पुढे बसल्या. मी मागे हौद्यात, जादा टायरवर.

सरकारी रुग्णालयात रविवारची तरुण डॉक्टर होती. तिने शोभाचे पाय तपासले, शस्त्रक्रियेची माहिती विचारली, आणि शोभाच्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. आधी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, मग सलाईन, असे ठरले. दाखल करून घेतले. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "अजून उशीर झाला असता तर चालणं अवघड होतं, काका. तुमची दर महिन्याला बैठक होते म्हणता. मग हिला कोणी काही विचारलं नाही?"

"विचारले," मी म्हणालो. "वजन विचारले."

 गणपतलाही डॉक्टरने तिथेच बसवले आणि रक्त तपासायला घेतले.

संध्याकाळी शोभाचा नवरा आला. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले, मग खाटेशी जाऊन उभा राहिला. मी निघालो.

घरी पोहोचतो तोच आबासाहेबांचा फोन आला. "शिरस्तेदार, पाच वर्षं तुमची व्यवस्था केली. आज भर सभेत इज्जत घेतली तुम्ही. पुढच्या वेळी माईकवर दोन शब्द माफीचे बोला, मंग विषय संपला. न्हाईतर हॉल मिळायचा न्हाई."

"हॉल नको," मी म्हणालो. "माफीही नाही."

"मंग बसणार कुठं?"

"जमिनीवर."

फोन ठेवला. मग एकेकाला संदेश पाठवला. थांबलेल्यांनाही पाठवला. त्यात एवढेच लिहिले: डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता माझ्या घरी जमावे. काटा नसेल. शाल नसेल. ज्याचे वजन वाढले आहे त्याने आधी यावे. जे लपवले आहे ते सांगावे. जो येणार नाही त्याच्या घरी आम्ही जाऊ.

कोणाचे उत्तर आले नाही. गणपतचा एक अंगठा आला.

एकटा शिल्लक राहिलो तरी ही बैठक भरेल. माझ्या अंगाला यापुढे डॉक्टर हात लावतील. दुसरे कोणी नाही. आणि माझ्या देखत दुसऱ्या कोणाला काट्यावर चढवून हसता येणार नाही. ज्याला तसे हसायचे असेल, त्याने आधी मला उचलून बाजूला करावे. वजन सभेला माहीत आहे.

शोभाला दुसऱ्या दिवसापासून मुगाचे पातळ पाणी चालेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मी डबा घासून पालथा घातला. मूठभर मूगडाळ निवडली, धुतली आणि भिजत घातली.