सव्वादोन इंच

मिलिंदला शेवटचा भेटलो तेव्हा त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि मी त्याच्याशी वाद घालत होतो. मुलुंडचं हॉस्पिटल, दुपारची भेटीची वेळ. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी आमचा सहा वर्षं जुना विषय उकरून काढला. म्हटलं, "मिल्या, आता तरी मान. गाडीला तीन इंचाचाच पाइप हवा होता." तो हसला, हसता हसता त्याला धाप लागली, थोडा थांबला... मग म्हणाला, "गाडी मस्त चालते ना तुझी? मग झालं तर." मी ती त्याची कबुली समजलो आणि खूश होऊन खाली चहा प्यायला उतरलो. चौथ्या दिवशी सकाळी संगीतावहिनींचा फोन आला. त्याला आता सात आठवडे होतील.

मिलिंदचं सायलेन्सरचं दुकान नाहूर स्टेशनजवळ, गोदामांच्या रांगेत शेवटचं. मुलुंडच्या महापालिकेच्या शाळेत आम्ही पहिलीपासून एका बाकावर. त्याचे वडील वाशिमकडून येऊन इथे एका कंपनीत फिटर झालेले, माझे बँकेत. गणितात तो माझ्या कितीतरी पुढे. पावकी, निमकीचे पाढे त्याला तोंडपाठ, आणि मी त्याच्या वहीत डोकावून पास व्हायचो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. दहावीच्या वर्षी त्याचे वडील गेले. मी इंजिनिअरिंगला गेलो, तो आयटीआयला. पुढे मी एका कंपनीच्या डिझाइन विभागात खुर्चीवर बसून नकाशे काढत राहिलो आणि तो पाइप वाकवत राहिला.

पाइप वाकवणं हे त्याचं खरं काम. सगळीकडे मशीनवर वाकवतात, त्यात वळणावर पाइप चेपतो. मिलिंद पाइपात कोरडी वाळू ठासून भरायचा, लाकडी हातोडीने ठोकत ठोकत, दोन्ही तोंडं बंद करायचा आणि मग गॅसवर लाल करून हळूहळू वाकवायचा. वळणावरसुद्धा पाइप आतून तेवढाच गोल राहायचा. काम झालं की पंच घेऊन त्यावर माप ठोकायचा, शाळेतल्या पद्धतीने. दीड असेल तर एकापुढे दोन उभ्या रेघा, सव्वा असेल तर एक. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळायचं नाही. मी एकदा विचारलं, कशाला रे हा उद्योग? तर म्हणाला, "उद्या मी नसलो तर खोलणाऱ्याला कळायला नको?" शेवटी गाडी चालू करून तो पाइपामागे उकिडवा बसायचा आणि तळहात धरायचा. डोळे मिटून, बराच वेळ.

सहा वर्षांपूर्वी मला हौस आली. माझ्या जुन्या सोळाशे सीसीच्या गाडीला मी सुपरचार्जर बसवून घेतला. साधं इंजिन हवा आपली आपण ओढून घेतं, हा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरून ती जोराने आत कोंबतो. जास्त हवा आत गेली की जास्त धूर बाहेर पडायला हवा, म्हणजे मागचा पाइपही मोठा हवा. इथपर्यंत आमचं एकमत होतं. किती मोठा, इथे गाडी अडली. मी इंटरनेटवरचे लेख वाचून, दोन कागद भरून आकडेमोड करून गेलो होतो. तीन इंच. मिलिंदने कागद नीट वाचले, घडी करून मला परत दिले आणि म्हणाला, "सव्वादोन."

"अरे, जितका मोठा तितका चांगला, सगळे सांगतायत."

"ते टर्बोचं सांगतायत. टर्बो धुरावर फिरतो, त्याला मागे मोकळं लागतं. तुझा पट्ट्यावर फिरतो. बारीक पाइप ठेवलास तर इंजिन गुदमरेल, पण उगाच मोठा घेतलास तर धूर आत रेंगाळणार, गार होणार, खालच्या स्पीडला गाडी मेल्यासारखी चालणार. तुझी गाडी चेकनाक्याला सिग्नलला उभी राहणार ना यार, विमानतळावर धावायची नाहीये."

त्याचं बरोबर होतं. आज मला ते स्वच्छ दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की दुकानातली चार माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "मिलिंद, इंजिनिअर मी आहे. तू शेवटी सायलेन्सरवाला. सांगितलंय तेवढं कर."

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला, फडक्याने हात पुसले, "ठेवून जा गाडी," म्हणाला. त्याच्या बाकावर बसून त्याच्या वहीतून गणितं उतरवलेला मी, आणि त्याला हे ऐकवत होतो... आठवडाभराने गाडी न्यायला गेलो. विचारलं, तीनच ना? म्हणाला, "मोज की." मी मागे वाकून पाइपाच्या तोंडाला पट्टी लावली. बरोबर तीन इंच. गाडी बाहेर काढली आणि घाटकोपरपर्यंत नुसता हसत होतो. पहिल्या गिअरपासून काय ओढ, आणि आवाज किती मऊ.

त्यानंतर सहा वर्षं मी त्याला टोमणे मारले. त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, दुकानात चहा पिताना, गिऱ्हाइकांसमोर. तो दर वेळी हसून विषय बदलायचा. मधल्या काळात त्याची फुफ्फुसं कमजोर होत गेली. "पाइप बारीक झाला रे आतला," म्हणायचा. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर लोक दोन शब्द बोलायला उठले, मीही उठलो. आणि तिथेही, त्याच्या फोटोसमोर, मी तोच किस्सा सांगितला. किती हट्टी माणूस, पण शेवटी आमच्या तीन इंचांसमोर नमला. लोक हसले. संगीतावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत.

मागच्या पंधरवड्यात एका स्पीडब्रेकरवर सायलेन्सर धरणारं रबर तुटलं. नाहूरचं दुकान बंद, म्हणून दुसऱ्या गॅरेजात गेलो. मेकॅनिकने गाडी वर उचलली, बॅटरी मारली आणि म्हणाला, "काय वेल्डिंग आहे काका, झकास. कोणी केलं?" मी अभिमानाने सांगितलं, आणि हेही सांगितलं की तीन इंचाचा आहे. तो म्हणाला, "नाही काका. शेवटचा हा वीतभर तुकडा तीनचा आहे. बाकी सगळा बारीक आहे. इकडे या ना, बघा."

सहा वर्षांत मी पहिल्यांदाच त्या गाडीखाली गेलो. इंजिनपासून मागेपर्यंत एकसारखा, कुठे चेप नाही, वळणं गुळगुळीत. पुढच्या जोडाजवळ पंचने ठोकलेलं होतं. दोन, आणि पुढे एक उभी रेघ. बराच वेळ मी त्यावर अंगठा फिरवत राहिलो. मग आठवत गेलं की त्याच्या तोंडून 'तीन' हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. मोज की, म्हणाला होता. गाडी मस्त चालते ना, म्हणाला होता. तो खोटं एकदाही बोलला नाही. पट्टी कुठे लावायची हेही ज्याला कळलं नाही, तो इंजिनिअर मी होतो.

तसाच वहिनींकडे गेलो. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या. "मला माहीत होतं, भावजी. मी त्यांना कितीदा म्हटलं, सांगून टाका एकदाचं, किती ऐकून घेता. तर म्हणायचे, राहू दे गं, तो त्या गाडीत बसला की नववीतल्यासारखा हसतो. गाडीखाली गेला की कळेलच त्याला."

कळलं. पाच आठवडे उशिरा कळलं. त्या चार माणसांसमोर जे बोललो, त्याची माफी मागायला सहा वर्षं होती, हॉस्पिटलमधली ती दुपारही होती. ती मी वाद जिंकण्यात घालवली. हे दुःख त्याच्या जाण्याच्या दुःखाहून वेगळं आहे, आणि ते कमी होईल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी गॅरेजात मेकॅनिक विचारत होता, तोंडाचा तो मोठा तुकडा काढून टाकू का, त्याचा काही उपयोग नाही. मी नको म्हटलं. मिलिंदने तो माझ्यासाठी लावलाय. आता रोज सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी चालू करतो, मागे जाऊन गुडघे धरत उकिडवा बसतो आणि पाइपासमोर तळहात धरतो. वॉचमन बघतो, बघू दे. हाताला गरम ठोके लागतात, एकामागून एक, न चुकता. "तुझंच बरोबर होतं रे मिल्या," मी म्हणतो, आणि हात भाजेपर्यंत तसाच बसून राहतो.