बैठ्या घराचा जिना

वकिलीण आते कुठल्याही कागदावर अंगठा द्यायची, तो दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतल्यावरच. एकाने वाचला की त्याला बाहेर पाठवायची आणि दुसऱ्याला आत बोलवायची. दोघांच्या वाचनात फरक पडला की कागद परत. "एका तोंडचा कागद खरा नाय," म्हणायची. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली, तरी आमच्या बोनकोडे गावात सगळे तिला वकिलीण म्हणत. निम्मे कौतुकाने, निम्मे चिडून. माझी ती सख्खी आत्या.

ही सवय तिला जमिनीने लावली. नव्या शहरासाठी शेतं गेली तेव्हा तिच्या सासऱ्याने सरकारी साहेबाने सांगितलं तेवढं ऐकून भरपाईच्या कागदावर अंगठा दिला. बांधावरची आंब्याची झाडं त्या कागदात धरली होती की नाही, हे म्हाताऱ्याला मरेपर्यंत कळलं नाही.

नवरा लवकर गेलेला, शेती संपलेली. आते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. तिथे माळ्यावर जायला लोखंडी जिना होता, कठडा नसलेला. डोक्यावर खोके घेऊन बाया त्यावरून चढउतार करायच्या. आमच्या घराण्यात मी पहिला बी.ए. झालो, त्याच वर्षी आते त्या जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. लंगडणं कायमचं राहिलं आणि काम सुटलं.

कारखान्याने कामगारांचा अपघात विमा काढलेला होता. क्लेमचा फॉर्म भरून तिथले एक कारकून दवाखान्यात आले आणि त्यांनी तो घाईघाईने वाचून दाखवला : जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले. त्यांनी शाईचा पॅड उघडला.

"थांब भाऊसायब. आता माजा भाचा वाचंल."

मी वाचलं, "राहत्या घराच्या जिन्यावरून पडून…"

आते खाटेवर उठून बसायला गेली. "कुनाचे घराचा?"

"तुझ्या."

"आरं, माजे घराच्या कौलावर कोंबडी उडी मारून बसतं! त्या घराला जिना?"

कारकुनाला लाज वाटली नाही. "आत्याबाई, विमा चोवीस तासांचा आहे. घरी पडा, बाजारात पडा, पैसे तेवढेच. कारखाना लिहिलात तर चौकशी लागेल, वर्षभर लटकाल. तुमचाच फायदा बघतोय मी."

तिचा फायदा! कारखान्यात पडली म्हटलं असतं तर मालकाला स्वतःच्या खिशातूनही भरपाई द्यावी लागली असती, आणि कठडा का नव्हता याचा जाब द्यावा लागला असता. ते टाळायला या लोकांनी एका विधवेच्या बैठ्या घराला मजला चढवला होता.

"मना पैसं पायजेत," आते म्हणाली. "पन मी जिथं पडली तिथलंच पायजेत. उद्या दुसरी कोन पडली तं तिलाव तुमी माजेच घरान पाडाल."

मग खरा अर्ज मी माझ्या हाताने लिहिला आणि तिला घेऊन वाशीच्या विमा ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "कारखाना म्हणतो घरी, तुम्ही म्हणता कारखान्यात. पाहिलेलं कुणी आहे का? साक्षीदार आणा."

पाहणाऱ्या बाया रोजंदारीवर होत्या. एक जण संध्याकाळी रडत आली. "आते, पोरं हायत गं माजी."

"जा बाय, तुला कोन बोललंय?" आतेने तिला चहा पाजून घरी पाठवली.

पुढच्या खेपेला आते विम्याच्या साहेबांना म्हणाली, "तुमीच चला माजे घरा. जिना दावा, लगेच अंगठा देतंय." सगळं ऑफिस हसलं. "बाई, आम्ही कागद बघतो, घर बघत नाही," साहेब म्हणाले. माहितीत विसंगती, असा शेरा मारून क्लेम नामंजूर झाला.

त्यानंतर महिन्याभरात कारखान्यातल्या जिन्याला कठडा लागला. मालक माणुसकीचा आहे, असं लोक म्हणू लागले. आते कडाडली, "त्याचे मानुसकीनं नाय, माजे मांडीनं लावलाय तो!"

अशा बाईची गोष्ट सांगताना तिला समाधानी करून टाकायची लोकांना हौस असते. कठडा लागला, तेवढ्यावर ती तृप्त झाली, वगैरे. ती तृप्त झाली नव्हती. "कठडा लागला म्हंजे माजं पैसं फिटलं कं? लिव पुन्ना." मी पुन्हा लिहायचो. दर वर्षी लिहायचो. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही.

आते काविळीने गेली. दिवस झाल्यावर मी विमा ऑफिसला दोन ओळींचं पत्र टाकलं, की अर्जदार वारली. सोबत काही जोडलं नाही. आठवडाभरात उत्तर आलं : अर्जदार मयत झाल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

दाखला मागितला नाही. साक्षीदार मागितला नाही. आतेबद्दलची एवढी एकच गोष्ट त्यांनी आमच्या शब्दावर खरी मानली.