न दिसणारी गाठ

नव्या सुती कापडाला खळीचा वास आला की इचलकरंजीतला तो रविवार आठवतो. शहराच्या विणकामाची ओळख करून देणारा खजिना शोधायचा खेळ होता. कॉलेजच्या पोरींच्या गटात एक जण कमी पडली, म्हणून सातवीत शाळा सोडून मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या मला त्यांनी घेतलेलं. शेवटी एका शेडात मागावरचा तुटलेला धागा जोडला की खजिन्याची चिठ्ठी मिळणार होती. मी बारीक गाठ मारून धागा जोडला, टोकं कातरली. परीक्षक सर वाकून म्हणाले, "गाठ कुठाय? दिसतच नाही. गट बाद!" पोरींची तोंडं उतरली. मी म्हणाले, "दिसणारी गाठ मागाच्या फणीत अडकती अन् धागा परत तुटतो, सर. माग चालू करून बघा की." "तू मला शिकवणार?" तेवढ्यात शेडातले एक म्हातारे विणकर उठले. "सर, तुमी कधी मागावर हुबं ऱ्हायलाय व्हय? थांबा जरा!" म्हणत त्यांनी बटण दाबलं. माग धडधडला, धागा फणीतून सरकत कापडात विणला गेला. सरांनी कापडावरून बोट फिरवलं आणि चिठ्ठी दिली. आज मी परमुलखात असते. कुणी आवाज चढवला की आधी भीती वाटतेच. पण त्या म्हाताऱ्यांचे उपकार स्मरून मी गप्प मात्र बसत नाही.