डबा रिकामा देऊ नये
परवा नवऱ्याच्या शर्टाला सिगारेटचा वास आला आणि माहेरच्या इंद्रलोक बिल्डिंगमधला वीसेक वर्षांपूर्वीचा पिठलं-भात आठवला. पहिल्या हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी बाबांची सिगारेट बंद केली होती, पण शेजारचे काका "एका सिगारेटने काय होतंय" म्हणत त्यांना रोज गच्चीवर न्यायचे. दुसऱ्या अटॅकला बाबा गेले. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही, म्हणून काकांच्याच घरून पिठलं-भाताचा डबा आला. तेरावं झाल्यावर आईने गच्चीतली सगळी थोटकं झाडून त्या डब्यात भरली आणि तो काकांच्या हातात दिला. "यात कशाला काही घातलंत, वहिनी?" "शेजारचा डबा रिकामा देऊ नये, भावजी." त्यांनी दारातच झाकण उघडलं, शिळ्या राखेचा भपकारा आला आणि त्यांचं तोंड उतरलं. माझ्या नवऱ्याला गच्चीवर कोण नेतं ते मला कळलंय. मी पिठलं-भात यायची वाट बघणार नाही.